तुझं तिसरं मत

वृंदा,

तुझा कोट परत आला. तुझा वर्ग आता ज्या बाई घेतात, त्या स्वतः तो क्लेमेंटीतल्या आपल्या घरी घेऊन आल्या. चपला काढाव्यात की नाही यात दारात थोडा वेळ घोटाळल्या आणि शेवटी पिशवी माझ्या हातात देऊन लिफ्टकडे वळल्या. पिशवीत तुझा थर्मास होता, स्टाफरूममध्ये घालायच्या चपला होत्या आणि तळाशी तो राखाडी लोकरीचा कोट. घामाने कपडे अंगाला चिकटणाऱ्या या गावात लोकरीचा कोट बाळगणारी तू एकटीच असशील. वर्षातून एकदा तो कपाटाबाहेर निघायचा, तुझ्या त्या आगबोटीच्या तासाला.

झटकायला म्हणून कोट उघडला आणि खांद्यावरचं अक्षर दिसलं. पांढऱ्या खडूने काढलेला इंग्रजी एच अजून तसाच होता.

इंटरनॅशनल शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवणारी पुण्याची बाई, हे ऐकून लोक आधी हसायचे आणि तुझ्या या तासाबद्दल ऐकलं की आणखी विचारायला लागायचे. मुलांना तू वर्गाच्या दारातच अडवायचीस. तुम्ही आगबोटीतून न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला आहात, जिना चढून या, वर डॉक्टर उभा आहे. धाप लागलेली दिसली की खांद्यावर खडूने एच, म्हणजे हृदय. पाय ओढत असाल तर एल, डोळे लाल असतील तर ई. खूण असलेले एका बाजूला, बिनखुणेचे दुसऱ्या बाजूला. काही हुशार लोक कोट उलटा करून घालायचे आणि निसटायचे, हे तू अगदी शेवटी सांगायचीस. तोपर्यंत खुणेची मुलं रडवेली झालेली असायची.

यंदा तू खडू मुलांच्या हातात दिलास आणि स्वतः कोट घालून रांगेत उभी राहिलीस. कुठल्याशा मुलीने तुझ्या खांद्यावर एच काढला. घरी येऊन तू ऐटीत सांगितलंस, "शेखर, आज मला अमेरिकेतून परत पाठवलं. हृदय अधू आहे म्हणे." मी कांदा चिरत होतो. म्हटलं, "त्यांना आज कळलं? मला लग्नाआधीपासून माहीत आहे." खूप हसलो आपण. आणि त्याच सत्रात जेवणाच्या सुट्टीत तू स्टाफरूममधल्या खुर्चीतून खाली आलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टरांनी हृदय म्हणूनच सांगितलं.

मी इंजिनियर माणूस. खडूने कुणाचं हृदय बंद पडत नाही, एवढं मला कळतं. पण ब्रश घेऊनसुद्धा ते अक्षर पुसायला माझा हात होत नाही. कोट तुझ्या खुर्चीच्या पाठीला लावून ठेवलाय. संध्याकाळी स्वयंपाकघरातून बघितलं तर खांदे भरल्यासारखे दिसतात. आपली पोर, रेवा, त्या बाजूने जाताना जरा लांबून जाते.

तुझं माझं जमलं तेही आगबोटींवरूनच. बोटीवर काम करणारा मुलगा म्हणून तुझ्या घरी नाकं मुरडली गेली होती. तू मात्र पहिल्या भेटीत मला विचारलंस, "जुन्या बोटींवर सगळ्यात खालच्या डेकवर माणसं कोंबलेली असायची ना, त्यांना दिवसरात्र काय ऐकू येत असेल?" मुलगी बघायला आलेल्या माणसाला असं कुणी विचारतं? मी सांगितलं की सुकाणूची यंत्रं आणि ते फिरवणारी साखळी तिथेच डोक्यावर असत. लाट बाजूने आली की ती साखळी खडखडते, आणि पोलादी पत्र्यावर बाहेरून कुणी दार ठोठावतंय असं वाटतं. नवखा माणूस उठून बघायला जातो. तू डोळे मोठे करून ऐकत होतीस. नंतर वर्षानुवर्षं तू ते वर्गात सांगत आलीस, आणि "माझ्या नवऱ्याने ऐकलंय," अशी पुस्तीही जोडत आलीस. मी आगबोटीच्या काळात जन्मलोच नव्हतो, पण तुझ्या मुलांना ते कोण सांगणार!

या परदेशी बेटावरची नोकरी तुला मिळाली तेव्हा मी बोट सोडली आणि घर हातात घेतलं. इथे राहायचा माझा पास तुझ्या नोकरीच्या पासवर, रेवाचाही. "तुम्ही दोघं माझं सामान," असं तू चिडवायचीस. पण रेवाला ते झोंबलं. पहिल्याच आठवड्यात ती चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "मला कुणी विचारलंच नाही." तू तिथल्या तिथे खाली बसलीस आणि तिची माफी मागितलीस. त्याच दिवशी आपल्या घराला राज्यघटना मिळाली.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. दर महिन्याला एक जण राष्ट्राध्यक्ष. त्याने नाही म्हटलं की नाही. पण बाकीचे दोघं एक झाले, तर राष्ट्राध्यक्षाचं नाही मोडीत निघतं, कारण तिघांत दोघं म्हणजे दोन तृतीयांश. अमेरिकेत असंच चालतं, हे तू रेवाला वाटाण्याचे दाणे मांडून समजावलंस. मत द्यायचं डोळे मिटून, कारण डोळे उघडे असले की रेवा आधी तुझं तोंड बघायची. होय असेल तर टेबलावर बोटाने एकदा टक्, नाही असेल तर गप्प. गुप्त मतदान म्हणे! तुझी अंगठी लाकडावर अशी खणकन लागायची की तुझं मत शेजाऱ्यांनाही कळत असेल.

मला हे सगळं पोरखेळ वाटायचं आणि मी तसं म्हणायचोही. आपलं खरं भांडण तेच होतं. बोटीवर एक कॅप्टन असतो, त्याचा शब्द शेवटचा, म्हणून बोट बंदराला लागते; देशाचंही तसंच, आणि घराचंही, हे माझं म्हणणं. तू दर वेळी तुझी ती आवडती गोष्ट काढायचीस. ऐन युद्धाच्या दिवसांत एका राष्ट्राध्यक्षाने पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. न्यायालय म्हणालं, तुला हा अधिकार नाही. "न्यायालयाकडे काय होतं, शेखर? सैन्य नाही, पोलीस नाही. नुसतं नाही म्हणाले. आणि त्याने कारखाने परत दिले." हे सांगताना तुझा आवाज दर वेळी हलायचा. त्या शेवटच्या सकाळीही तू हेच सांगत होतीस, तोंडात पोळीचा घास, एका पायात चप्पल. मी विचारलं, "आणि समजा, नसते दिले तर? कोण काय करणार होतं?" तू घड्याळ बघितलंस. "याचं उत्तर मोठं आहे. संध्याकाळी देते," म्हणालीस आणि एमआरटीची गाडी गाठायला पळालीस.

ते उत्तर काही मला मिळालं नाही.

मंडाईच्या स्मशानात तुला पोचवलं, समुद्रात अस्थी सोडल्या, पुण्याचे पाहुणे आले आणि गेले. त्यानंतरच्या रविवारी समुद्रापलीकडच्या वणव्यांचा धूर आला होता. समोरची बिल्डिंग दिसेनाशी झालेली, भर दुपारी घरात दिवे लावलेले. जेवायला खाली हॉकर सेंटरच्या ठेल्यांवर जायचं की घरी खिचडी टाकायची, यावर रेवा म्हणाली, "व्होट लाह, बाबा." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती. आम्ही सवयीने डोळे मिटले. मी विचारलं, "खिचडी?" आणि टक् केलं. रेवाचं टक् आलं, नेहमीसारखं मऊ.

आणि मग तिसरं आलं.

मी डोळे उघडले तर रेवा माझ्याकडेच बघत होती. "तू दोनदा वाजवलंस?"

"नाही. तू?"

"नो."

ते लाकडावरचं बोट नव्हतं, वृंदा. धातू होता. मी उठून कपाट उघडलं. तुझी अंगठी हॉस्पिटलने दिलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात होती आणि पाकिटाचं तोंड अजून चिकटवलेलं होतं. इथल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरून गोट्या घरंगळल्याचा आवाज येतो. पाइपातलं पाणी असतं म्हणतात. मी रेवाला तसंच सांगितलं. तिने मान डोलावली आणि खिचडीसाठी ताटं काढली. तीन काढली. मी एक परत ठेवलं नाही.

आम्ही घाबरून मत घेणं सोडायला हवं होतं. झालं उलटंच, आम्हाला चटक लागली. पंखा मोठा करायचा का, पडदे धुवायचे का, चहात आलं घालायचं का, काहीही. डोळे मिटून दोघं बसायचो आणि आपापलं टक् करून तिसऱ्याची वाट बघायचो. कधी यायचं, कधी नाही. आलं की अंगावर काटा यायचा आणि बरंही वाटायचं. नाही आलं की रेवा म्हणायची, "आईला आलं नकोय." तुला चहात आलं कधीच आवडत नव्हतं. एकदा मीच गमतीत म्हटलं की आई सांगायची ना, बंदरात उतरणाऱ्या लोकांना पक्षाची माणसं धक्क्यावरच गाठायची, मतदार करून टाकायची, आणि ते मेले तरी त्यांची नावं कबरस्तानातून मतं देत राहायची. रेवा खूप दिवसांनी हसली. "आपण पण तेच करतोय. इट्स फ्रॉड. आईने नापास केलं असतं." मग दोघंही तुझ्या खुर्चीकडे बघायचं टाळून आपापल्या कामाला लागलो.

तुझा पास संपल्यावर माझाही संपला. आवराआवर करायला मला थोडी मुदत मिळाली आहे. रेवाचं वेगळं. शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे, शाळा तिला तिच्या स्वतःच्या नावावर पास मिळवून देते आहे. नवव्या मजल्यावरच्या शुभदावहिनी, ज्यांचे यजमान अजून बोटीवर असतात, त्या तिला परीक्षेपर्यंत आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार आहेत. "भावोजी, पोरगी माझ्या डोळ्यांसमोर असेल. तुम्ही काळजी करू नका," म्हणाल्या. मी तरीही पासच्या सरकारी ऑफिसात जाऊन मुदत वाढवून मागितली. खिडकीमागच्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "अंकल, आय ऑल्सो कॅनॉट. माय बॉस ऑल्सो कॅनॉट." मी विचारलं, मग कोण करू शकतं? तिने वर बघितलं. तिथे नुसता एसी होता. त्या क्षणी मला तुझ्या सगळ्या न्यायालयांचा राग आला. कुणीतरी एक असा हवा होता, ज्याला कुणी अडवू शकत नाही आणि जो टेबलावर हात आपटून म्हणेल की या माणसाला इथेच राहू द्या, याची पोर इथे आहे.

तू वर्गात मुलांना एक प्रश्न घालायचीस. कुटुंब बोटीने आलं, आईबाप आत आले, लहान पोराच्या खांद्यावर खूण आली. ज्या कंपनीने आणलं तिच्याच बोटीने पोराला परत जावं लागणार. त्याच्याबरोबर परत कोण जाणार, आई की बाप? मुलं तासभर भांडायची. इथे उलटं झालंय. पोर आत आणि बाप परत. हा प्रश्न तू कधी घातला नव्हतास.

मग मी कॅप्टन झालो. पुण्याची दोन तिकिटं काढली, एक माझं आणि एक रेवाचं. तिला विचारलं नाही. सतरा वर्षांची पोरगी, आई गेलेली, तिला परक्या गावात परक्या घरी ठेवून मी विमानात बसायचं? वर्ष वाया गेलं तर गेलं. पुण्याला माझी बहीण आहे, शाळा आहेत, हे सगळं मी मनाशी इतक्या वेळा घोकलं की मला ते खरं वाटायला लागलं. खरं हे होतं की त्या तीन खोल्यांतून एकट्याने बाहेर पडायची मला भीती वाटत होती.

रेवाला फोनवर विमान कंपनीचा निरोप आला. ती शाळेच्या गणवेशातच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"यू डिडन्ट पुट इट टू व्होट."

"रेवा, हे खिचडीसारखं नाहीये."

"म्हणूनच तर! सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तीच तू विचारली नाहीस. तू कॅप्टन नाहीयेस, बाबा. आई असती तर आम्ही दोघींनी तुझं नाही मोडलं असतं."

"आई नाहीये." मी ओरडलोच. इतके दिवस हे दोन शब्द मी कुणासमोर उच्चारले नव्हते.

तिने तुझ्या खुर्चीकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "मग वाजवतं कोण?"

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी टेबलापाशी बसून राहिलो. समोर तुझी खुर्ची, तिच्यावर तो कोट. तुझी शपथ, मी त्या कोटाशी भांडलो. म्हटलं, तू तिच्या बाजूने टक् करणार, मला ठाऊक आहे, तुम्ही दोघी कायम एक. म्हटलं, मी तिकीट रद्द केलंच नाही तर कोण काय करणार आहे? पास माझ्या हातात, पासपोर्ट माझ्या हातात, पोरगी कायद्याने अज्ञान. मला अडवायला घरात कुणी शिल्लक नाही. आणि हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी तोच प्रश्न विचारतोय, ज्याचं उत्तर तू संध्याकाळी देणार होतीस.

नसते दिले तर कोण काय करणार होतं? कुणी काहीच करू शकलं नसतं, वृंदा. तुझा आवाज हलायचा तो न्यायालयासाठी नव्हता. हातात सगळं असताना ज्याने ते सोडलं, त्या माणसासाठी हलायचा. हे तू मला सरळ का नाही सांगितलंस कधी? की सांगत होतीस आणि मी कांदा चिरत होतो?

मी रेवाचं दार वाजवलं. म्हटलं, बाहेर ये, मत घेऊ. ती आली, डोळे सुजलेले, टेबलाशी बसली. मी डोळे मिटले. ती म्हणाली, "नको. डोळे उघडे ठेवू या."

डोळे मिटलेले असेपर्यंत तू होतीस. तिलाही ते माहीत होतं. पण ती म्हणाली, "हे आपल्या दोघांचं आहे, बाबा. आईचं मत धरून मला जिंकायचं नाहीये." तू घडवलेली पोरगी, दुसरं काय बोलणार. मी मान हलवली आणि विचारलं, "रेवाने परीक्षेपर्यंत इथे राहावं?"

तिने टक् केलं. मग माझा हात उचलला जाईना. ती माझ्या बोटांकडे बघत होती, घाई करत नव्हती. मी टक् केलं.

मग आम्ही थांबलो. ठरवलं नव्हतं, तरी दोघंही थांबलो. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी लिफ्ट अडवून धरली होती, तिची घंटा वाजत होती. आम्ही टेबलाच्या तुझ्या बाजूला बघत होतो, उघड्या डोळ्यांनी. लाकूड नुसतं लाकूड होतं. खूप वेळ बघितलं. काही आलं नाही.

"नो मोर, अह?" रेवा म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि आम्ही दोघं रडलो, तुला मंडाईला नेलं तेव्हा रडायला हवं होतं तसे. नंतर तिने तोंड धुतलं आणि अभ्यासाला बसली. मी तिचं तिकीट रद्द केलं. माझं आहे तसंच ठेवलं.